ज्याचं त्याचं एक झाकण

सुलो हुओतारीला रागावायला कारण लागत नाही, असं आमच्या गावात म्हणतात. साफ खोटं! त्याला कारण लागतं, आणि ते कायम एकच असतं: हवा. ट्रकखालून "सुस्स" असा आवाज आला की हा गृहस्थ असा पेटतो, जणू कुणी भरदिवसा त्याचं घर लुटतंय.

"हवा फुकट असते म्हणून सांडत सुटलेत!" तो ओरडतो. "अरे, ही काय खिडकीतून आलेली झुळूक आहे? इंजिनाने छाती फोडून दाबलेली हवा आहे ती!"

आयुष्यभर त्याने लाकूड वाहणारे ट्रक दुरुस्त केले. आता निवृत्त आहे, म्हणजे आता फक्त दिवसभर दुरुस्त करतो. दलदलीतून जाणारा आमचा रस्ता जिथे सुरू होतो तिथेच त्याची शेड आहे. रस्ता आम्हा रहिवाशांच्या मालकीचा, आणि सुलो आमच्या रस्तामंडळाचा अध्यक्ष. तो निवडून कसा आला ते सांगतो. सभेत "अध्यक्ष कोण होणार?" असा प्रश्न निघाला. सगळे आपापल्या कॉफीच्या कपात बघत बसले. सुलो संतापून उठला, "अरे, कुणी बोलत का नाही?" एवढं बोलला म्हणून तोच झाला.

मी मूळचा फिनलंडच्या साव्हो भागातला. आमच्याकडे मूल रडायच्या आधी गप्पा मारायला लागतं. लग्न करून इथे काइनूत आलो आणि पहिली दोन वर्षं मला वाटलं, सासुरवाडीचे बोलत नाहीत म्हणजे माझ्यावर रुसलेत. नंतर कळलं, ते खुशीत होते.

तर, मे महिना. बर्फ वितळून रस्त्याच्या पोटातली थंडी निघत होती. अशा दिवसांत आमचा रस्ता म्हणजे वरून पाव आणि खालून खीर. मागच्या वसंतात परगावच्या एका ट्रकने टणक टायरांनी तो असा चिरडला की आठवडाभर मोटार जाईना. रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला सुलोची थोरली बहीण इंपी एकटी राहते. तिच्या पायाची जखम बरी होत नाही, म्हणून नर्स रोज येऊन पट्टी बदलते. त्या आठवड्यात ती बिचारी मासेमारीचे लांब बूट घालून चिखल तुडवत जायची, आणि एक दिवस तर तिला अर्ध्यातूनच परतावं लागलं. इंपी तक्रार करेल तर शपथ! पण सुलो वर्षभर त्या एका दिवसावर धुमसत होता.

यंदाही त्या टोकाला ओंडक्यांचा ढीग होता. आठवड्याभरात रस्ता आणखी मऊ होणार आणि नंतर उन्हाळ्यात सालीत किडे पडणार, म्हणजे ढीग आत्ताच हलवायला हवा. मंडळाने ट्रकवाल्या रेयो केम्प्पाइनेनला तो न्यायची परवानगी दिली ती एकाच अटीवर. त्याच्या ट्रकला केबिनमधूनच टायरांतली हवा कमीजास्त करायची सोय आहे. मऊ रस्त्यावर टायरही मऊ करायचे, म्हणजे ते पांढऱ्या सशाच्या पंजासारखे पसरतात आणि भार वाटला जातो.

त्या सकाळी रेयो आला. सुलोने टायरांकडे एकदाच पाहिलं आणि सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"हे काय आणलंस? टायर आहेत की तोफेचे गोळे?"

रेयो खाली उतरला. बराच वेळ त्याने क्षितिजाकडे पाहिलं. "ती सोय गळतेय," तो शेवटी म्हणाला. "हवा कमी केली की टायर बसतच जातो. म्हणून व्हॉल्व्ह बंद केलेत."

"आणि तसाच निघालास?"

"हळू जाईन."

"हळू!" सुलोने टोपी जमिनीवर आपटली. "हळू चिरडलेला रस्ता काय कमी चिरडलेला असतो? इंपीच्या पायाला सांगू का, बाई, थांब जरा, रेयो हळू गेलाय?"

"आज नाही नेलं तर लाकूड तिथेच राहील, म्हाताऱ्या."

"आजच नेशील! पण माझ्याकडून सुटलास की मग. घाल ट्रक आत! इंजिन बंद! आणि तू रे, साव्होकर," हे मला, "कॉफी आण आणि तोंडाला कुलूप लावून आण."

गळती शोधायची सुलोची पद्धत म्हणजे आधी कान, मग साबण. टाक्यांत हवा भरलेली, सगळं शांत, आणि हा ट्रकखाली डोळे मिटून पडलेला. चमचा कपाला लागला तरी "शू!" असं खालून येतं. मला ती शांतता म्हणजे शिक्षाच. रेयो मात्र इतका सुखी दिसत होता, जणू कुणी त्याला सुट्टी दिलीय.

नंतर सुलोने साबणाच्या पाण्यात ब्रश बुडवून चाकांवर फिरवला. चाक फिरत असतानाही नळीतून आत हवा जावी म्हणून तिथे एक फिरता सांधा असतो. पहिल्या चाकाच्या सांध्यावर फुगे आले. दुसऱ्यावरही. तिसऱ्यावर तर अंघोळीला बसलेल्या पोरासारखा फेस.

"एक सांधा गळला तर समजू शकतो," सुलो गुरगुरला. "सगळे एकदम? यांनी काय संप केलाय?"

त्याने एक सांधा उघडला. आतली रबराची कडी बोटांत घेताच मोडली. वाळल्या पोळीसारखी! त्याने ती हुंगली. मग रेयोकडे असं पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो.

"स्पिरिट. किती ओततोस?"

हिवाळ्यात हवेच्या नळ्यांमधला ओलावा गोठू नये म्हणून जुन्या गाड्यांत थोडं स्पिरिट घालतात. थोडं. जास्त झालं तर ते रबर सुकवतं.

"एक झाकण," रेयो म्हणाला. "रोज एक. जास्त नाही."

ट्रक तीन पाळ्यांत चालतो. रेयोनंतर त्याचा जावई आन्तेरो, त्याच्यानंतर रेयोची चुलतबहीण साइमा. सुलोने रेयोचाच फोन ओढून घेतला आणि स्पीकर लावला.

"आन्तेरो! स्पिरिट ओततोस का?"

"एक झाकण."

"सासऱ्याला सांगितलंस?"

"त्याने विचारलं नाही."

साइमाही एक झाकण. तिनेही सांगितलं नव्हतं. "त्यात सांगण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरोखरच आश्चर्य होतं.

तेव्हा सुलो जो फुटला! "तीन माणसं! एक गाडी! एकाच खुर्चीवर बसता, एकमेकांची गरम खुर्ची घेता, आणि सबंध हिवाळ्यात एक वाक्य नाही? माणूस दारू पितो तर निदान गातो तरी! या बिचाऱ्या ट्रकला तुम्ही तिप्पट पाजलीत आणि तोंडं शिवून बसलात! अरे, शेवटी तुमच्या वतीने चाकं बोलायला लागली, सुस्स सुस्स करून!"

रेयोने विचार केला. "खरंय," तो म्हणाला.

"खरंय म्हणे!" सुलो पुन्हा ट्रकखाली गेला. तिथूनही बराच वेळ संताप ऐकू येत होता, पण हात चालू होते. टाक्यांतलं पाणी आणि स्पिरिट काढून टाकलं, सांधे पुसले, कॉफीच्या डब्यातून नव्या कड्या काढून, ग्रीस लावून, एकेक बसवली. पुन्हा साबण. या वेळी एकही फुगा नाही.

दुपारनंतर रेयोने टायर मऊ केले. ते बसले तेवढेच बसले, पुढे एक बोटही नाही. रिकामा ट्रक गेला. ओंडके लादून परतताना दलदलीच्या भागात सुलो त्याच्या बाजूने चालत आला, नजर चाकांवर, कान चाकांकडे. रस्ता किंचित हलला. उसवला नाही.

शेडपाशी आन्तेरो पाळी घ्यायला उभा होता. रेयो उतरला. दोघे एकमेकांच्या बुटांकडे बघू लागले. सुलो कमरेवर हात ठेवून वाट पाहत होता.

"स्पिरिट ओतलेलं नाही," रेयो म्हणाला. "तूही ओतू नकोस."

"बरं," आन्तेरो म्हणाला. चढता चढता थांबला. त्याच्या चेहऱ्यावर मोठी उलथापालथ झाली. "साइमालाही सांगतो. आणि तो रस्ता, डावीकडे जरा..."

"गप्प बसा रे!" सुलो कडाडला. तो शेवटच्या चाकाला कान लावून वाकला होता. "काय सभा भरवलीय? ऐकू द्या जरा!"

आम्ही सगळे गप्प झालो. चाकातून काहीच आवाज आला नाही. आवाज आला तो दलदलीकडून: नर्सची छोटी मोटार इंपीच्या घरून परतत होती. ती आमच्याजवळ थांबली, आणि दार उघडून नर्सने एक पाय बाहेर टाकला.

सुलोने तिच्या पायाकडे पाहिलं. साधे, कोरडे, पांढरे बूट होते.