सूज उतरताना

आमच्या मामेसासऱ्यांइतका दुसऱ्याच्या सुजेवर प्रेम करणारा माणूस साऱ्या मुळशी पेट्यात झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. ते माझ्या बायकोचे सख्खे मामा. उभी हयात त्यांनी लष्करी इस्पितळांत डॉक्टरकी केली, महायुद्धात तीन वर्षं बसऱ्याकडे काढली, आणि पेन्शन घेतल्यावर पुण्यात घर करायचं सोडून मामींना घेऊन पौडला येऊन राहिले. मी तेव्हा पौडच्या शाळेत मास्तर होतो. पुणं का सोडलं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिथं माणसं बैठकीवर बसून असतात हो जावईबापू. इथं रोज कुणी ना कुणी खरचटतं."

त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न होता आणि तो त्यांनी बसऱ्याहून आणला होता. तिथल्या तंबूत शेजारीशेजारी दोन शिपाई, दोघांच्या मांडीत सारखीच गोळी, दोघांना औषधही एकच. एकाची मांडी आठ दिवसांत निवळली, दुसऱ्याची महिनाभर धुमसत राहिली. का, ते मामांना कुणी सांगू शकलं नाही. "सूज येते कशी, यावर पुस्तकांत पानंच्या पानं आहेत," ते म्हणत. "जाते कशी, यावर एक ओळ. काही दिवसांनी उतरते. अहो, उतरते म्हणजे काय? धर्मशाळेत पाहुणे उतरतात तशी?" त्यांचं स्वतःचं मत असं, की सूज आपोआप विरत नाही. आग विझवून, राख काढून, जागा सारवून जाणारी मंडळी शरीरातच असतात, आणि त्यांना केव्हा निघायचं तेही कुणीतरी सांगत असतं. कोण सांगतं, एवढंच त्यांना शोधायचं होतं.

त्यासाठी त्यांनी पितळेचं एक जुनं सूक्ष्मदर्शक यंत्र घेतलं होतं आणि पावसाळ्यात ते मामींच्या मुरंब्याच्या बरणीत बेडूकमासे पाळत. बेडूकमाशाची शेपटी काचेसारखी आरपार दिसते. तिला सुईची टोच द्यायची, आणि मग खिडकीपाशी डोळा लावून दिवसभर बसायचं. टोचल्या जागी पांढऱ्या पेशी कशा गोळा होतात आणि घाण कशी गिळतात, ते मीही पाहिलं आहे. पण मला दहा मिनिटांत कंटाळा येई, आणि मामांना खरी गंमत पुढे वाटे. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी त्या पेशी पांगू लागल्या, की ते घरातल्या सगळ्यांना हाक मारत. "पाहा, आल्या, जेवल्या, निघाल्या. आपल्या नातेवाइकांना हे कधी जमलं नाही." मामींच्या माहेरची चार माणसं त्या वेळी ओसरीवर बसलेली असत, याचं त्यांना भान नसे. मामी मात्र शांत. मुरंबा कशात घालायचा, एवढंच त्या विचारत. एकदा त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "मला पाहायला आले तेव्हा यांनी माझं तोंड पाहिलंच नाही. मनगटावर पोळल्याचा डाग होता, तो पाहिला आणि होकार कळवला."

यात अतिशयोक्ती असेल असं मला तेव्हा वाटलं. पुढे वाटेनासं झालं. कारण मामांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, जखमा राहत. "काल तो डाव्या पोटरीवरचा कुत्र्याचा चावा भेटला होता, तुम्हाला नमस्कार सांगितलाय," असा निरोप ते मला देत आणि मी तो कुणाचा हे ओळखायला शिकलो होतो. त्या वर्षांत पेट्यात जिथं तिथं होऊ घातलेल्या धरणाचीच बोलणी चालत. एकदा देवळापुढे मोठी बैठक भरली. जमिनी जाणार म्हणून एक वयस्क गावकरी उभा राहून पोटतिडकीनं बोलत होता आणि सगळे मान खाली घालून ऐकत होते. मामा पुढच्या रांगेतून उठले, त्याच्यापाशी जाऊन उकिडवे बसले आणि खिशातला दोरा काढून त्याच्या सुजलेल्या घोट्याचा घेर मोजू लागले. म्हाताऱ्यानं बोलणं थांबवलं नाही, फक्त पाय थोडा पुढे केला. त्यालाही सवय झाली होती.

औषधं ते कमीच देत. धुवायचं, घाण काढायची, अवयव उंच टांगून ठेवायचा, शेक द्यायचा, आणि मग वाट पाहायची. "मी कुणाला बरं करत नाही, मी फक्त मध्ये कडमडत नाही," हे त्यांचं वाक्य सगळ्या पौडला पाठ होतं. या वाक्याला मी हसत असे. ठकूबाईचा हात पाहिला, त्या दिवसापासून हसणं सोडलं.

ठकूबाई धनगराची. दिवाळीनंतर त्यांच्या मेंढरांचा तळ पौडच्या माळावर पडला होता. कुंपणाला बाभळी तोडताना उजव्या तळहातात काटा खोल घुसला आणि आत मोडला. चार दिवस तिनं त्यावर राख बांधून काम केलं. पाचव्या दिवशी नवरा तिला घेऊन मामांच्या दारात आला, तेव्हा हात भोपळ्यासारखा झाला होता आणि लाली कोपराकडे चढत होती. तळावरच्या एका जाणत्यानं तापल्या विळ्याचा डाग द्यायचं ठरवलं होतं. ठकूबाईलाच ते पटलं नव्हतं.

मामांनी हात पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं नेहमीचं कौतुक पार मावळलं. त्यांनी तळहात चिरला, काट्याचा तुकडा आणि वाटीभर पू काढला, हात फळीला बांधून आढ्याला टांगला. मग माझ्याकडून शाईची दौत मागवली आणि लाली जिथं संपत होती तिथं कातडीवर गोल रेघ ओढली. "उद्या सकाळी लाली या रेघेच्या आत असली तर हिचा हात हिचा," ते म्हणाले. "बाहेर गेली तर पुण्याला. तिथं हात काढतील, पण जीव राहील. जावईबापू, बैलगाडी सांगून ठेवा."

सकाळी मी शाळेत जायच्या आधी डोकावलो. लाली रेघेच्या दोन बोटं बाहेर होती. गाडी दारात उभी होती. मामा म्हणाले, "चला बाई, निघायचं."

"म्या न्हाई जायाची," ठकूबाई म्हणाली.

"जीव जाईल."

"हात कापून माघारी धाडत्याल. मग लोकर कोन कातंल? मेंढरू धरंल कोन? नवऱ्याला दुसरी करावी लागंल. त्यापरीस हितंच ऱ्हाते."

नवरा उंबऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "दुसरी कशाला करीन म्या. काय बी बोलतीया." पण गाडीत चल, असंही त्यानं म्हटलं नाही.

माझ्या माहितीत मामांनी रोग्याशी कधी वाद घातला नव्हता, कारण त्यांचं बोलणं नेहमी जखमेशी असे. त्या सकाळी ते तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि विचारलं, "बाई, नाव काय तुझं?" तिनं सांगितलं. "ठकूबाई, काल मी चिरलं ते पुरं पडलं नाही. आत अजून एक पुवाची पिशवी असणार. ती सापडली तर ठीक. दुपारपर्यंत बघू. त्यानंतर मात्र मी सांगेन ते ऐकायचं." ती "व्हय" म्हणाली.

ती पिशवी मधल्या दोन बोटांच्या मुळाशी सापडली. मी दिवा धरला होता आणि सरळ सांगायचं तर डोळे मिटले होते. ठकूबाई ओरडली नाही, मामींचा हात मात्र तिनं असा आवळला की पुढे आठवडाभर मामींना पोळ्या लाटवल्या नाहीत. दुपारी लाली होती तिथंच थांबली होती. संध्याकाळी ताप उतरला. मग दोन दिवस मामा तिच्या उशाशी बसून राहिले. बरण्या, यंत्र, वही, कशालाही त्यांनी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला शाळेतून बोलावून घेतलं. ताणून चकचकीत झालेल्या तिच्या हाताच्या पाठीवर केसासारखी बारीक सुरकुती पडली होती. "सूज निघाली," ते म्हणाले, आणि डोळे पुसायला उपरणं शोधू लागले. ते खांद्यावरच होतं.

तीन आठवड्यांनी तळ हलला. मामांना ती जखम शेवटपर्यंत पाहायची होती, आणि मेंढरं कुणासाठी थांबत नाहीत. तेव्हा साठी उलटलेला हा गृहस्थ छत्री घेऊन कळपाच्या मागे निघाला. रविवारी मलाही ओढलं. चांदे गावात विचारलं तर कळलं, परवाच गेले. माणमध्ये लोकांनी आम्हाला मेंढ्या चोरीला गेलेले मालक समजून सहानुभूती दाखवली. शेवटी सूसच्या माळावर तळ दिसला. ठकूबाई दगडावर बसून लोकर कातत होती. मामांनी तिचा हात उलटासुलटा पाहिला. जखम छान भरली होती, वण पांढरा आणि स्वच्छ. पण मधली दोन बोटं ताठ झाली होती. मामांनी ती वाकवायचा प्रयत्न केला, वाकली नाहीत.

"हे माझं चुकलं," ते म्हणाले. "भरतंय हेच बघत बसलो. रोज हलवून घ्यायला हवी होती."

"आंगठा हाय, ह्ये बोट हाय, करंगळी हाय," ठकूबाई म्हणाली. "कातायला लई झालं. तुमी बसा. दूध पिऊन जावा."

आम्ही दूध पिऊन निघालो. वाटेत नांदे गावाच्या अलीकडे मामा म्हणाले, "शरीर घाईत शिवतं हो. उसवलेलं मिटतं, पण पहिल्यासारखं कापड होत नाही." त्यानंतर त्यांनी वहीत प्रत्येक जखमेपुढे एक नवा रकाना आखला. अवयव चालतो का, आणि माणसाचं नाव.

दोन वर्षांनी माझी बदली नगरकडे झाली. सामान गाडीत भरलं आणि आम्ही निघालो तेव्हा मामा नदीपर्यंत बरोबर चालत आले. माझ्या बायकोच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पत्र टाकत जा. डॉक्टरला लोक दुखलं-खुपलं तरच लिहितात. तू दुखत नसलं तरी लिही."

तिनं हो म्हटलं. त्यानंतर चार वर्षांनी ते वारले. तेवढ्या काळात आम्ही त्यांना दोन पत्रं पाठवली. एक माझ्या पाठीच्या गळवासाठी, आणि दुसरं आमच्या थोरल्या मुलीच्या कानासाठी. दोन्हींची उत्तरं उलट टपाली आली होती.