माळावर संपणारी पायवाट

लष्कराच्या डेपोत टाकेबाईंनी एकोणतीस वर्षं एकच काम केलं. ट्रक आणि तोफांवर पांघरायच्या जाळ्यांना हिरव्या-मातकट चिंध्या शिवायच्या, फाटल्या की सांधायच्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं होतं.

पूर्वी या जाळ्या शत्रूच्या विमानांसाठी असत. मग शेजारच्या देशानं कॅमेरेवाले उपग्रह सोडले, आपणही सोडले, आणि शिवणखात्याच्या भिंतीवर वेळापत्रक लागलं. परका उपग्रह डोक्यावरून जाणार सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी आणि दुपारी एक चाळीसला. त्याआधी भोंगा वाजे आणि उघडं असेल ते सगळं झाकलं जाई.

टाकेबाईंचे यजमान निवृत्त बसचालक. ते म्हणाले, "जन्मभर मला एक फेरी वेळेवर जमली नाही. हा बरा रोज येतो!"

"त्याला थांबे नाहीत," टाकेबाई म्हणाल्या.

एके दिवशी राजधानीतून अंतराळ विभागाचे मेजर आले. आपल्याच उपग्रहानं काढलेला डेपोचा भलामोठा फोटो त्यांनी टेबलावर पसरला. "चाळीस ट्रक आहेत यात. शोधा बघू."

सगळ्यांनी डोळे फाडफाडून पाहिलं. एकही सापडला नाही. मेजर खूश झाले, चहा मागवला गेला. टाकेबाईंनी चष्मा पुसला.

"साहेब, ही पांढरी रेघ कसली?"

"पायवाट असेल."

"आमचीच आहे. शेडपासून निघते आणि इथं मोकळ्या माळावर संपते. जिथं काहीच नाही, तिथं रोज शंभर माणसं कशाला जातील?"

मेजरांच्या चहावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. जाळ्यांकडे जाताना कोणी एका वाटेनं दोनदा जायचं नाही. टाकेबाईंचा गुडघा आधीच कुरकुरत होता, त्यात बारा मिनिटांचा वळसा पडला. डेपोतली इस्त्रीवाली त्यांची जुनी मैत्रीण; वळसा तिलाही पडला. तिनं "याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण" एवढं सुनावलं आणि आठवडाभर अबोला धरला. इतकं करूनही गवत उगवेना.

महिन्याभरानं मेजर पुन्हा आले. "रेघ काही पुसली जात नाही, बाई."

"पुसू नका, लांबवा," टाकेबाई म्हणाल्या. "फाटलेलं लपत नसलं की आम्ही त्यावर नक्षी काढतो. वाटेच्या टोकाला कँटीन न्या. माणसं जेवायला गेली, तर त्यात कोणाला काय दिसणार?"

कँटीन हललं. इस्त्रीवाली पुन्हा बोलू लागली, कारण नव्या जागी वारा चांगला होता. देशाच्या संरक्षण धोरणात अंतराळाचं प्रकरण होतं, त्यात या युक्तीवर एक परिच्छेद आला म्हणे. धोरण गोपनीय असल्यामुळे टाकेबाईंना तो वाचता आला नाही.

बढती मात्र मिळाली. आता दर मंगळवारी मेजर पलीकडच्या देशाचे फोटो घेऊन येत आणि टाकेबाई खुर्चीत बसून ते बघत. तिसऱ्याच मंगळवारी एका फोटोवर त्यांचं बोट थांबलं. भर उन्हाळ्यातला वाळका माळ, आणि मध्येच एक ठिगळ हिरवंगार.

"नव्या चिंध्या आहेत. उन्हात रंग विटू देऊन मग शिवायच्या असतात. घाई केली तिकडच्या शिवणाऱ्या बाईनं."

मेजरांनी तिथं लाल गोल काढला आणि फोन उचलला. ते मोठमोठ्यानं आकडे सांगू लागले. टाकेबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. फोन संपल्यावर त्यांनी विचारलं, "तिला बोलणी बसतील का हो?"

"कोणाला?" मेजरांनी विचारलं.

त्या दिवशी टाकेबाईंना जेवण गेलं नाही. यजमानांनी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "काही नाही, ऑफिसातलं." पुढच्या मंगळवारी त्या वेळेवर हजर होत्या. फोटो मात्र त्यांनी नेहमीपेक्षा भराभर उलटले.