चुकून घेतलेली सनई

मी स्वतः दुकानात जाऊन विकत घेतलेला पहिला अल्बम सनईचा आहे. हे ऐकलं की लोकांना माझ्याविषयी आदर वाटू लागतो, म्हणून सहसा मी पुढचं सांगत नाही. पुढचं असं की मला सनई नको होती.

तेव्हा मी अकरावीला होते. कडेगावहून कराडला रोज एसटीनं कॉलेजला जायचे. वर्गातल्या सगळ्या मुली एका गायकाचा नवा अल्बम ऐकत होत्या, आणि त्यातल्या कुठल्या गाण्याला कुणाला रडू आलं यावर मधल्या सुट्टीत चर्चा चालायची. मला त्यात बोलता येत नव्हतं. एका शनिवारी मी स्टँडजवळच्या दुकानातून ती कॅसेट घेतली. कव्हरवर तो गायक समुद्राकडे पाठ करून उभा होता. परतीच्या गाडीत मी कव्हर पुढून-मागून चार वेळा वाचलं. वरचा प्लास्टिकचा कागद मात्र घरी जाऊनच फाडायचा असं ठरवलं होतं.

घरी टेप होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी तो कॅन्टीनमधून आणला होता. रोज पुसायचे. मी कॅसेट घातली, बटण दाबलं आणि सनई सुरू झाली. मला वाटलं, गाण्याची सुरुवात असेल. हल्लीची गाणी कशीही सुरू होतात. पाच मिनिटं झाली, सनई चालूच. आई हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "कुणाचं लगीन हाय गं?"

सोमवारी मी कॅसेट घेऊन दुकानात गेले. दुकानदारानं कव्हर बघितलं.

"बरोबर आहे की."

"आत सनई आहे."

त्यानं आतली कॅसेट काढून बघितली. "मग आतलं बरोबर नाही," तो म्हणाला. "पण तुम्ही सील फोडलंय. फोडलेला माल परत घेत नाही आम्ही."

"न फोडता आत काय आहे ते कसं कळणार?"

त्यानं यावर खरोखर विचार केला. "नाही कळणार," तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

अण्णांना यात काही बिघडलंय असं वाटलं नाही. "सनई काय वाईट हाय?" ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दाढी करताना त्यांनी ती लावली. तिसऱ्या दिवशीही लावली. मधल्या सुट्टीतल्या चर्चेत मी शेवटपर्यंत गप्पच राहिले.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या घरी लग्न निघालं. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. साडेअकराला निरोप आला की वाजंत्र्यांची जीप घाटाच्या अलीकडे बंद पडली आहे आणि ते वेळेत येत नाहीत. स्पीकरवाल्याकडे सिनेमाची गाणी होती आणि गणपतीच्या आरत्या. नवरीचे वडील मंडपात नुसतेच इकडून तिकडे चालायला लागले. तेवढ्यात अण्णा उठून उभे राहिले.

"सनई आमच्या पोरीकडं हाय," त्यांनी जाहीर केलं.

मी नवीन ड्रेसवर पळत घरी गेले आणि कॅसेट घेऊन आले. लग्न वेळेवर लागलं. अक्षता टाकून झाल्यावर लोक नवरानवरीला भेटायच्या आधी स्पीकरजवळ येऊन कॅसेट बघून गेले. स्पीकरवाला अण्णांना म्हणाला, "हवालदार, ऱ्हाऊ द्या की माझ्याकडं. पुढच्या आठवड्यात तीन लग्नं हायत."

"न्हाई," अण्णा म्हणाले. "वस्तू तिची हाय. तीच घिऊन यील, तीच लावंल आन् तीच परत घिऊन जाईल. हत्यार दुसऱ्याच्या ताब्यात देत न्हाईत."

मला कुणी विचारलं नाही. पण त्यानंतर तीन-चार वर्षं गावात आणि आजूबाजूला जे लग्न झालं, त्यात स्पीकरच्या पेटीशेजारी एका लोखंडी खुर्चीवर मी बसलेली असायचे. लोक घरी येऊन आमंत्रण द्यायचे ते असं: "सगळ्यांनी यायचं, आन् पोरीनं जरा लवकर यायचं." परीक्षेच्या दिवसांतही यायचे. एकदा तर माझा पेपर बघून मुहूर्त अर्धा तास पुढचा धरला होता. त्या लग्नातल्या नवरीशी माझी ओळखही नव्हती.

मधेच एका लग्नात उन्हानं टेप तापला आणि त्यानं रीळ खाल्लं. मी कात्रीनं चुरगळलेला तुकडा कापला आणि टोकं चिकटपट्टीनं जोडली. तेव्हापासून पहिल्या बाजूला आठव्या मिनिटाच्या आसपास सनईला उचकी लागायची. आधी लोक हसले. मग त्यांना त्याची सवय झाली, आणि पुढं पुढं उचकी आली की मामानं नवरीला खोलीतून मंडपात आणायचं असं ठरूनच गेलं. भटजीसुद्धा त्या हिशेबानं अंतरपाट उलगडून ठेवायचे.

माझ्या स्वतःच्या लग्नात मला कॅसेट लावता येणार नव्हती. अण्णा म्हणाले, मी लावतो. आदल्या दिवशी मी त्यांना दोनदा दाखवून दिलं. लग्नाच्या वेळी मी शालू नेसून खोलीत बसले, मामा दाराशी उभा राहिला आणि बाहेर सनई सुरू झाली. ती दुसरी बाजू होती. दुसऱ्या बाजूला फार संथ वाजवलेलं होतं आणि ते ऐकलं की आई म्हणायची, घरात कुणी गेल्यासारखं वाटतं, बंद कर. म्हणून ती बाजू मी लग्नात कधी लावली नव्हती.

आम्ही थांबलो. दहा मिनिटं झाली, बारा झाली.

"उचकी न्हाई आली अजून," मामा म्हणाला.

"मामा, बाजू चुकलीय. ती येणारच नाही. चला."

अशी मी माझी मीच मंडपात गेले. अण्णा टेपजवळ सावधानमध्ये उभे होते आणि बटणावरचं बोट त्यांनी काढलेलं नव्हतं. बाजू चुकल्याचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. वऱ्हाडी मंडळींच्याही नाही. माझ्या सासूबाईंनी नंतर विचारलं, "तुमच्याकडं असंच वाजवतात का?" मी हो म्हणाले.

लग्नानंतर मी सांगलीला आले. कॅसेट कडेगावलाच राहिली. थोड्याच वर्षांत सगळ्यांकडे मोबाइल आले, त्यात बिनउचकीची सनई मिळू लागली आणि आमंत्रण द्यायला येणारे पुन्हा "सगळ्यांनी यायचं" एवढंच म्हणू लागले.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आले. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा लावून हिंडायला-फिरायला परवानगी दिली. त्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याला ऑफिसात दोन पास मिळाले: रविवारी सकाळी साडेसहाला सनईवादनाची मैफल. नवरा म्हणाला, रविवारी साडेसहाला मी फक्त झोपू शकतो, तुम्ही दोघं जा.

खुर्चीला नंबर असलेल्या कार्यक्रमाला मी त्याआधी कधीच गेले नव्हते. जत्रेतला ऑर्केस्ट्रा बघितला होता, पण तो शाळेच्या गच्चीवरून. अण्णांनी बुटाला पॉलिश केलं. आम्ही पावणेसहाला पोचलो. वॉचमन नंतर आला.

वाजवणारे पन्नाशीचे असतील. मागे दोघं सूर धरायला, एक तबल्याला. ते डोळे मिटून बसले आणि वाजवू लागले. मला पहिली दहा मिनिटं काय करावं ते कळेना. माझं लक्ष सारखं दाराकडे जात होतं, कुणाला बाहेर आणताहेत का बघायला. मग त्यांनी मधेच सनई खाली घेतली, ओठ पुसले, खोल श्वास घेतला आणि पुन्हा तोंडाला लावली. इतकी वर्षं मी बटण दाबत आले होते. वाजवणाऱ्याला दम लागतो हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्यानंतर मी दाराकडे बघितलं नाही.

बऱ्याच वेळानं लक्षात आलं, अण्णांच्या काळ्या चष्म्याखालून पाणी येत होतं. मी घाबरले.

"डोळा दुखतोय का?"

"न्हाई."

"मग?"

"हे वाजलं का कुणीतरी घरातनं निघालंय असं वाटतं बघ," अण्णा म्हणाले. ते हळू बोलले असा त्यांचा समज होता. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वळून बघितलं. "माफी असावी," अण्णा त्याहून मोठ्यानं म्हणाले.

कार्यक्रम संपल्यावर शाल पांघरलेले वीस-एक लोक कलावंताभोवती जमले आणि त्यांना रागाविषयी विचारू लागले. अण्णा त्यातून वाट काढत पुढे गेले. मला वाटलं, नमस्कार करतील.

"न्याहारी झाली का?" अण्णांनी विचारलं.

"नाही हो," ते म्हणाले. "चारपासून उठलोय. पोटात काही असलं की फुंकता येत नाही."

अण्णा संयोजकांकडे वळले. त्यांचा हवालदारी आवाज मी बऱ्याच वर्षांनी ऐकला. "यांना आधी खायाला द्या. राग पळून जात न्हाई." उपम्याची डिश आली. शालवाले बाजूला झाले. कलावंत एका खुर्चीवर बसून खाऊ लागले आणि अण्णा समोर पाण्याचा ग्लास धरून उभे राहिले.

"लग्नात वाजवता का अजून?" अण्णांनी विचारलं.

"बोलावलं तर जातो. आमच्या वाडवडलांपासून तेच चालत आलंय. पण आता बोलावणी कमी. मोबाइलवर लावतात. त्याच्या आधी कॅसेट लावायचे."

जीप बंद पडलेल्या त्या वाजंत्र्यांना आमच्या गावात पुन्हा कुणी बोलावलं नव्हतं, हे मला तिथं उभ्या उभ्या पहिल्यांदा समजलं.

"मी लावायचे," मी म्हणाले. "आमच्या गावात. कॅसेट."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "किती लग्नं?"

"चाळीस तरी असतील."

"चाळीस," ते म्हणाले आणि घास संपवला. "जेवायला कधी बसवायचे तुम्हाला?"

"शेवटच्या पंगतीला."

"आम्हालाही," ते म्हणाले, आणि त्यांनी अण्णांच्या हातातला ग्लास घेतला.