दोन्ही खिसे

नया नगरात मोबाइलची कव्हरं विकणारा तो गृहस्थ बोलताना सतत काउंटरची काच पुसतो आणि प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर देतो. बंदी असूनही तो व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, विकतो, हे सगळ्यांना ठाऊक. ऑपरेशनआधी मला सिगारेट सोडायलाच हवी होती, म्हणून गेलो.

"पहली बार ले रहा हूँ, कौनसा लूँ?"

"दिन में कितनी पीते हो, सेठ?"

"पंद्रह."

पुसणारा हात थांबला. त्याने एका खिशातून स्वतःचं व्हेप काढलं, दुसऱ्यातून सिगारेटचं पाकीट. "छोड़ने के लिए लिया था. अब दोनों चालू है. आपको नहीं दूँगा."

किंमत निम्म्यावर आणायच्या तयारीने गेलो होतो. त्याने घासाघीस करूच दिली नाही. तो राग अजून गेलेला नाही. त्याच रागावर आज अकरावा दिवस सिगारेटशिवाय काढतोय.