सुईचा मान

आमच्या वडिलांना, आबांना, त्यांची मतं जमिनीसोबत वारशात मिळाली होती, आणि जमिनीसारखंच त्यांतलं एक गुंठाभरही त्यांनी कधी कुणाला दिलं नाही. सरकार हे लांबच बरं, हे पहिलं मत. निजामाचं राज्य होतं, ते आमच्या गावापासून तसंही लांबच होतं, त्यामुळे या मताची परीक्षा क्वचितच व्हायची. बाजार बंद करण्याचा हक्क कुणालाच नाही, हे दुसरं. शिक्षणाबद्दल त्यांचं म्हणणं असं की पोरांना लिहिता-वाचता आलंच पाहिजे, पण पोरींना ते शिकवून उगीच डोळ्यांना तकलीफ कशाला द्यायची.

कळमनुरीच्या वाटेवरचं आमचं गाव. पाटीलकी आमच्याकडे, म्हणजे घराण्याच्या थोरल्या पातीकडे. धाकट्या पातीचे काका आबांचे चुलतभाऊ होते. त्यांचं म्हणणं, पाटीलकीचा मान खरा त्यांचा. पोळ्याला पहिली बैलजोडी कुणाची, होळीला पहिला पेटता पेंढा कुणाचा, यावरून दोन्ही घरांत आजोबांच्या वेळेपासून खटला चालू होता. गावात कोणतीही गोष्ट पहिल्यांदा करायची तर ती आबांनी करायची आणि मग बाकीच्यांनी. नवी ज्वारी आबांच्या घरी शिजल्याशिवाय कुणी शिजवत नसे. हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. श्वास घ्यायला तरी कुठं कुणी शिकवतं?

मी सात-आठ वर्षांची असताना गावात उंदीर पडायला लागले. कणगीखाली, चुलीमागं, एकदा तर देवळाच्या पायरीवर. आबांनी तो देवळाचा उंदीर चिमट्यानं उचलून जाळला आणि त्याच दिवशी गाव उठवायला सांगितलं. गाठीचा ताप आला की घरं सोडून माळावर जायचं, हे त्यांच्या वडिलांनी केलं होतं, त्यांच्याही वडिलांनी केलं होतं. त्यामुळे त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तहसीलदाराचा चपराशी गाव खाली करण्याचा हुकूम घेऊन आला तेव्हा आम्ही माळावर भाकरी खात होतो. आबांना त्याचा केवढा आनंद झाला! सरकार उशिरा येतं हे त्यांचं म्हणणं असं डोळ्यांसमोर खरं झालं होतं.

माळावर कडब्याच्या आणि तुराट्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. आबा काठी घेऊन स्वतः आखणी करत फिरले. गावात ज्याचं घर जिथं, त्याची झोपडी तिथंच. दोन घरांत बोळ असेल तर दोन झोपड्यांत बोळ. चावडीच्या जागी एक दगड ठेवला. मारुतीच्या जागी शेंदूर लावलेला दुसरा. गावकुसाबाहेरची वस्ती माळावरसुद्धा गावकुसाबाहेर, फक्त कूस तेवढं नव्हतं. ते असल्यासारखं सगळे चालत, हेच आज आठवून नवल वाटतं.

चपराशी जाता जाता आठवड्याचा बाजार बंद असल्याचंही सांगून गेला होता. आबा म्हणाले, "मीठ काय सरकार घरी आणून देऊन राहिलं का?" आणि ओढ्याच्या पात्रात त्यांनी आपला बाजार भरवला. शेजारच्या गावच्या माणसांनी मीठ, मिरची, तेल पलीकडच्या खडकावर ठेवायचं आणि मागं सरायचं. आमच्या माणसांनी तिथं तूर, ज्वारी ओतायची आणि माल उचलायचा. कुणी कुणाच्या जवळ जायचं नाही. मोठ्यानं ओरडून भावाची घासाघीस व्हायची. बाजार कधी नव्हे इतका शांत आणि स्वच्छ झाला. आबांची ही गोष्ट चांगली होती, आणि मी ती चांगलीच म्हणणार. सगळ्याच बाबतीत ते चुकले असते तर मला त्यांच्यावर रागावणं सोपं गेलं असतं.

शाळाही त्यांनी बंद होऊ दिली नाही. आमची शाळा म्हणजे देवळाच्या ओट्यावर बसणारे एक मास्तर. त्यांना वर्षाचं धान्य गाव देई. "गाव उठलं, अक्कल न्हाई उठली," असं म्हणून आबांनी शेंदराच्या दगडाशेजारी शाळा बसवली. गावात आमचं घर देवळाला लागून होतं, म्हणून माळावर आमची झोपडी शाळेला लागून आली. मध्ये फक्त तुराट्यांचा कूड. गावातल्या दगडी भिंतीतून जे कधी आत आलं नव्हतं ते सगळं आता आत यायला लागलं.

माझी थोरली बहीण, अक्का, तेव्हा बारा वर्षांची होती. चुलीशी बसून ती मास्तरांचं ऐकायची आणि राखेत बोटानं अक्षरं काढायची. थोड्याच दिवसांत बाहेरच्या पोरांना उत्तर आलं नाही की आतून यायला लागलं. आबा एकदा शाळेजवळ उभे असताना मास्तरांनी पंधरा सक विचारलं, पोरं गप्प, आणि कुडातून आवाज आला, "नव्वद!"

आबांनी विचारलं, "कोन बोललं?"

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "वारा असंल."

आबांनी जरा वेळ कुडाकडं पाहिलं. मग ते मास्तरांना म्हणाले, "वाऱ्याचं बराबर हाय." आणि निघून गेले. अक्का हसून हसून राखेतच लोळली. त्यानंतर मास्तर मुद्दाम कुडाकडं तोंड करून शिकवत. आबांनी त्याला हरकत घेतली नाही. कूड त्यांनीच त्या जागी बांधला होता ना!

मग हिंगोलीहून डॉक्टर आला. बैलगाडीत लाकडी पेटी, एक कंपाउंडर, स्पिरिटचा दिवा. मधल्या मोकळ्या जागेत त्यानं टेबल मांडलं आणि सुईचं पाणी उकळायला ठेवलं. ही सुई टोचून घेतली की गाठ सहसा येत नाही, दंड दोन दिवस सुजेल, ताप येईल, बस, असं त्यानं हिंदीत समजावून सांगितलं. सगळं गाव जमलं होतं. टोचून घ्यायला माणसं तयार होती, हे मी त्यांच्या तोंडांवर पाहिलं. पुरुषांनी बाह्याही सैल केल्या होत्या.

आबा काठी टेकून पुढं उभे राहिले. "माझ्या घरात आजवर कुनी टोचून घेतलं न्हाई," ते म्हणाले. "मी न्हाई घेनार. पर माझी कुनाला आडकाठी न्हाई. ज्याला घ्यायची त्यानं खुशाल घ्यावी. जबरदस्ती सरकारनं करू नये आन् पाटलानंबी करू नये."

हे ते मनापासून बोलले. जिवंत होते तोवर त्यांना वाटत होतं की आपण त्या दिवशी प्रत्येकाला मोकळीक दिली. पण गाव जागचं हललं नाही. कोण हलणार? आबांच्या आधी पोळ्याला बैल कुणी काढत नाही, तर दंड कोण काढणार? डॉक्टर "आइए, आइए" म्हणत राहिला. माणसं आबांकडं पाहत होती, आबा डॉक्टरकडं पाहत होते, आणि पाणी उकळत होतं.

शेवटी धाकट्या पातीचे काका एक पाऊल पुढं आले. त्याबरोबर आमच्याकडचे चार जण एक पाऊल पुढं आले. काकांची माणसं सरकली. काठ्या हातात नीट धरल्या गेल्या. काकांनी आधी टोचून घेतलं असतं तर पुढच्या तारखेला कोर्टात तेही सांगितलं गेलं असतं, यात कुणालाच शंका नव्हती. डॉक्टरला वाटलं, लोक सुईवर चिडले आहेत. तो बिचारा कंपाउंडरच्या मागं जाऊन उभा राहिला.

एवढ्यात अक्का गर्दीतून निघाली, टेबलाशी गेली आणि चोळीची बाही वर सारून म्हणाली, "मला टोचा."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, त्यामुळे काठ्या खाली आल्या हे खरं. एका म्हाताऱ्या बुवांनी तिला मायेनं खांद्याला धरून मागं आणलं. "पोरी, आगुदर आबाचा मान," ते म्हणाले. अक्कानं आबांकडं पाहिलं. आबाही हसत होते. तिच्या धिटाईचं त्यांना कौतुक वाटलं होतं. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की टोच बाबा तिला. ते म्हणाले नाहीत.

डॉक्टरनं पेटी आवरली. नरसीकडची गावं करून परत येतो, म्हणाला आणि गाडी हाकलली. आबा खुशीत होते. कुणावर जबरदस्ती झाली नव्हती आणि कुणाचा मान गेला नव्हता. संध्याकाळी ते आईला म्हणाले, "लय शांततेत पार पडलं." आईनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

त्याच आठवड्यात अक्काला ताप भरला, आणि दुसऱ्या दिवशी काखेत गाठ आली.

आजाऱ्याची झोपडी माळाच्या टोकाला होती. तिथं एकानंच जायचं आणि त्यानं मग ठरावीक दिवस बाकीच्यांत यायचं नाही, असा जुना नियम. आई निघाली. आबांनी तिला थांबवलं आणि ते स्वतः गेले. पाण्याची घागर पाटलानं डोक्यावर घेतलेली गावानं पहिल्यांदाच पाहिली. नरसीकडं डॉक्टरला शोधायला त्यांनी गाडी पाठवली. मी लांबून बघायची. ते झोपडीच्या दारात पंखा घेऊन बसलेले दिसत. एकदा वारा आमच्या बाजूचा होता तेव्हा अक्काचं बोलणं ऐकू आलं. ती विचारत होती, "आबा, डाक्टर परत कवा येनार?" तिनं ते पुन्हापुन्हा विचारलं.

ती गेली तेव्हा डॉक्टरला आणायला गेलेली गाडी अजून वाटेतच होती.

आबा आंघोळ करून, अंतर ठेवून, आमच्या झोपडीसमोर उभे राहिले. आईनं तोंडावरचा पदर काढला. "तुमी आडवलं न्हाई," ती म्हणाली. "पर तुमी हाललेबी न्हाई." एवढंच. त्यानंतर आयुष्यात तिनं हा विषय काढला नाही, आणि काढण्याची गरजही नव्हती. मला आबांचा राग आला. अजूनही येतो. ते माझे लाडके होते, हे त्या रागानं कधी कमी झालं नाही, आणि राग त्या लाडानं कमी झाला नाही.

दोन दिवसांनी डॉक्टर आला. टेबल मांडलं, पाणी उकळलं. गाव जमलं आणि पुन्हा आबांची वाट पाहत उभं राहिलं. मला तेव्हा त्या सगळ्यांना दगड मारावेसे वाटले. आबा लांबून आले, सगळ्यांपासून दूर थांबले आणि म्हणाले, "आज माझा नंबर शेवटी. तिकडून सुरू करा." त्यांनी काठीनं गावकुसाबाहेरच्या झोपड्या दाखवल्या.

तिथली माणसं पुढं यायला घाबरली. आबांना लांबूनच ओरडून ओरडून त्यांची समजूत घालावी लागली. मग एक म्हातारी आली, मग तिच्या सुना आल्या, लेकरं आली. गाव उलट्या क्रमानं टोचून घेऊ लागलं. आणि मला सांगायला लाज वाटते, पण घडलं ते असं की अर्ध्या तासात शेवट हाच मान आहे असं लोकांनी ठरवून टाकलं. "तुमी व्हा पुढं," "न्हाई, तुमीच व्हा," सुरू झालं. धाकट्या पातीचे काका म्हणाले, "शेवटचा मी!" आबांनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. काकांनी मान खाली घातली आणि जन्मात पहिल्यांदा वाद न घालता बाही वर केली.

मलाही टोचली. चरचरलं. दंड सुजला, दोन दिवस ताप आला आणि उतरला. एवढंच होतं ते. तापात मी रडले ते दुखत होतं म्हणून नाही. एवढंच होतं म्हणून रडले.

आबांची पाळी आली तेव्हा दिवस कलला होता. ते टेबलाशी गेले, पैरणीची बाही वर केली. डॉक्टरनं बाटली उजेडात धरली, हलवली आणि म्हणाला, "पाटीलसाब, खतम हो गयी. अगली बार."

"बराबर हाय," आबा म्हणाले. बाही खाली केली आणि आजाऱ्याच्या झोपडीकडं परत गेले. तिथं आता कुणी आजारी नव्हतं. ठरलेले दिवस संपेपर्यंत ते तिथंच राहिले.

त्यांना काही झालं नाही. साधी कणकणही आली नाही. उन्हाळ्यात गाव परत घरांत गेलं. पुढं निजामाचं राज्य गेलं, तेही आबांनी पाहिलं. म्हातारपणी त्यांचे दात शाबूत होते आणि चालणं ताठ होतं. गावातली माणसं चावडीवर कौतुकानं म्हणायची, आबांची तब्येत पाहा, यांना पलेगसुद्धा शिवला नाही. तेव्हा आबा काठी उचलायचे आणि बोलणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उठून जायचे.