आधी आहे तो जोर

दादा गेल्यानंतर त्याची महागडी गाडी कापडे गावातल्या आमच्या घरी वर्षभर पेंढ्याशेजारी उभी होती. इंजिनाची ताकद वाढवून घ्यायची त्याची हौस राहून गेली होती. ती मी पुरी करायची ठरवली. मुंबईतल्या गॅरेजने दोन लाख सांगितले. तिकडे निघताना वाटेत गाडी एकदा कुणाला दाखवावी म्हणून महाडला थांबले.

तिथला मेकॅनिक साठीचा असावा. देवळात शिरावं तशा चपला बाहेर काढून तो गाडीत बसला. वरंध घाटाच्या चढावर मला चालवायला सांगून स्वतः डोळे मिटून नुसता ऐकत राहिला.

"ताई, हिला दम लागतोय."

"म्हणूनच ताकद वाढवायची आहे. दोन लाखांत."

त्याने एक डोळा उघडला. "तेवढ्यात माझं अख्खं गॅरेज वाढंल."

परत आल्यावर त्याने इंजिन जिथून हवा घेतं तो एअर फिल्टरचा डबा उघडला. आत उंदराने पेंढ्याचं सुबक घरटं केलं होतं आणि मधोमध दादाच्या लाल हातरुमालाची चिंधी अंथरली होती.

"राहणारा हौशी हाय," तो म्हणाला. वर्षभरात मी पहिल्यांदा मोठ्याने हसले.

नवा फिल्टर बसवून त्याने हात पुसले. "वाढवायचं मग बघा. आधी हिचा हाय तो जोर हिला परत द्या."

मुंबईला गेलेच नाही. त्याच दुपारी एकटीच पुन्हा वरंधचा चढ चढले. गाडी अशी उसळली, की शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहून मी विचारलं, "दादा, एवढी ताकद पुरे ना रे?"