चाक फिरतं, गाडी अडते

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, माझ्याशी थेट बोलत नसत. चहा हवा असला की अंगणातल्या मोटारसायकलला विचारत, "काय वो बाई, चहा भेटन काय?" सासऱ्याने सुनेशी समोरासमोर बोलू नये, ही पांढुर्ण्यातल्या आमच्या घराची रीत. मी पदर सावरत यायची आणि कप गाडीच्या सीटवर ठेवायची. लग्नानंतर पहिले काही दिवस मला वाटलं, बिचाऱ्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय!

त्या गाडीला मेकॅनिकचा हात लागलेला त्यांना खपत नसे. "तो एक दुरुस्त करते अन् दोन बिघडवते," म्हणून स्वतःच पाने घेऊन बसत. सौसरच्या शाळेत माझी शिक्षिकेची मुलाखत ठरली, तेव्हा आदल्या दिवशी त्यांनी मागच्या ब्रेकला नवे लायनर बसवले. का, तर सून बसणार, ब्रेक पक्का पाहिजे. सासूबाईंना माझी नोकरी मुळीच नको होती. "या बारीनं नाही झालं तं पुन्हा नोकरीचं नाव काढायचं नाही," असं त्यांनी मला बजावलं होतं. माझा जीव नुसता टांगणीला.

गाडीवर मी अर्थातच सीटच्या अगदी शेवटच्या टोकाला बसले. मामाजींना धक्का लागायला नको, म्हणून मध्ये संत्र्यांची भरलेली पिशवी. मोहगाव येईपर्यंत गाडी कण्हायला लागली, जळका वास सुटला. मामाजी थांबले. मी टुणकन खाली. त्यांनी गाडी स्टँडवर घेऊन चाक फिरवलं, तर ते गर्रकन फिरलं! "ब्रेक तं मोकळा हाय, मंग काहून अडून राहिली तू?" त्यांनी गाडीला विचारलं. पुन्हा बसलो, पुन्हा गाडी अडली. पुन्हा उतरलो, पुन्हा चाक मोकळं. टपरीवरचे लोक चहा विसरून आमचा तमाशा बघत होते.

शेवटी माझा धीर सुटला. रीत गेली खड्ड्यात! "मामाजी, मी बसले की ब्रेक धरतो, उतरले की सोडतो. मला बसूनच राहू द्या अन् मग पाहा."

मामाजी माझ्याकडे बघतच राहिले. मग टपरीवाल्याला हँडल धरायला लावून मला वर बसवलं आणि स्वतः खाली वाकले. माझ्या वजनाने गाडीची मागची बाजू दबत होती आणि ब्रेकचा दांडा ताणला जात होता. नवे लायनर जाड, त्यात नट गच्च आवळलेला, ढील म्हणून उरलीच नव्हती. पण भर रस्त्यात सासरा सुनेच्या पायाशी! मी लाजेने उतरायला लागले.

"बस तू! हालू नको," मामाजी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलले, ते हे. नट ढिला झाला आणि गाडी सुटली.

शाळेत पोचलो तर साहेब कागद आवरून उठलेले. "मुलाखती संपल्या," म्हणाले. तेवढ्यात मागून मामाजींचा आवाज आला, "साहेब, गाडी म्या बिघडवली. माही पोरगी टायमावर निघाली होती. तिले बसू द्या."

साहेब पुन्हा खुर्चीत बसले. नोकरी मिळाली, आणि त्याच शाळेतून मी निवृत्तही झाले. मामाजी त्याच्या कितीतरी आधी गेले. त्या दिवशी मला काय विचारलं, मी काय उत्तरं दिली, आज एक अक्षर आठवत नाही. साहेबांच्या पांढऱ्या भिंतीला डाग लागू नये म्हणून आपले काळे हात अंगापासून दूर धरून दारात अवघडून उभे राहिलेले मामाजी तेवढे दिसतात, आणि अजून रडू येतं.